रोज रात्री तोच प्रश्न : ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ हाडामांसाची होते तेव्हा

वाड्यात जेवायला एकटी ती मुलगी बसलेली असते. नऊच्या सुमाराला बाहेर जड पावलं वाजतात. तो आत येतो, समोर बसू का म्हणून परवानगी मागतो, थोडं बोलतो आणि निघताना विचारतो, ‘माझ्याशी लग्न करशील?’ ती म्हणते, ‘नाही.’ तो सुस्कारा टाकून निघून जातो. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. असे तीन महिने जातात.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’, म्हणजे सुंदर मुलगी आणि शापाने पशू झालेला राजपुत्र, या फ्रेंच परीकथेचा हा गाभा आहे. गुलाब, आरसा, जादूचा वाडा हे सगळं या प्रश्नाभोवती मांडलेलं आहे. ज्यांनी ही गोष्ट फक्त डिस्नेच्या सिनेमांतून पाहिली, त्यांना हा प्रश्न आठवणार नाही, कारण त्या सिनेमांत तो नाहीच. तो कुठे गेला, कसा गेला, आणि जुनी परीकथा खऱ्या माणसांना घेऊन पडद्यावर उभी करायची म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं, ते मला इथे सांगायचं आहे. ‘लाइव्ह-ॲक्शन’, म्हणजे असा खऱ्या नटांचा सिनेमा, म्हटलं की आपण तंत्राबद्दलच बोलतो. पण कॅमेरा लागण्याच्या कितीतरी आधी तीन गोष्टी ठरलेल्या असतात: ही गोष्ट कोणाची, तिच्यातलं काय ठेवायचं, आणि न घडू शकणारी गोष्ट खऱ्या माणसाशेजारी उभी कशी करायची.

आधी मूळ गोष्ट. ती छापील रूपात पहिल्यांदा आली १७४० साली. लेखिका गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह. ही बालकथा नव्हती. समुद्रप्रवासात एकमेकांना गोष्टी सांगणाऱ्या माणसांची चौकट घेऊन मोठ्यांसाठी लिहिलेली ती चांगली कादंबरीएवढी लांब कथा होती. तिच्यातला बीस्ट लग्नाबद्दल विचारत नाही, तो सरळ ‘आज रात्री माझ्याशेजारी निजशील का’ असं विचारतो. आणि शापाचं कारणही वेगळं आहे. राजपुत्राला वाढवणाऱ्या म्हाताऱ्या परीलाच त्याच्याशी लग्न करायचं होतं, त्याने नकार दिला, म्हणून तिने त्याला पशू केलं. ‘नाही’ म्हटल्याची शिक्षा भोगणारा तो माणूस आता रोज रात्री दुसऱ्या कोणाचं तरी ‘नाही’ ऐकून घेतो आणि त्या ‘नाही’बद्दल तिला कसलीही शिक्षा देत नाही. मला ही रचना फार खोल वाटते. त्या काळच्या फ्रान्समध्ये वरच्या वर्गातल्या मुलींची लग्नं वडील ठरवत, आणि मुलीला कोणी विचारत नसे. त्या जगात एका बाईने अशी गोष्ट लिहिली की ज्यात पशूसुद्धा आधी विचारतो.

सोळा वर्षांनी, १७५६ मध्ये, इंग्लंडमध्ये श्रीमंत घरच्या मुलींना शिकवणाऱ्या जान-मारी लप्रँस द बोमाँ यांनी ती कापूनछाटून लहान केली आणि आपल्या विद्यार्थिनींसाठी लिहिलेल्या पुस्तकात घातली. आपण आज ओळखतो ती गोष्ट ही. एकाएकी कंगाल झालेला व्यापारी, कपडेलत्ते मागणाऱ्या मोठ्या बहिणी आणि फक्त एक गुलाब मागणारी धाकटी बेल. वाटेत वादळ, अनोळखी वाडा, तोडलेला गुलाब, आणि वडिलांचा जीव वाचवायला स्वतः होऊन निघालेली मुलगी. शयनगृहाचा प्रश्न इथे लग्नाचा झाला. शाप असा की एखादी सुंदर मुलगी लग्नाला राजी होईपर्यंत तो पशूच राहील, शिवाय आपली बुद्धीही त्याने लपवायची. म्हणजे रूपाने नाही आणि चतुर बोलण्यानेही नाही, नुसत्या चांगुलपणावर त्याला होकार मिळवायचा आहे.

त्याच्याही मागे गेलं तर ही गोष्ट फ्रान्सची उरत नाही. लोककथांचे अभ्यासक जगभरच्या कथांना जातवार क्रमांक देतात, तसा हिच्या कुळालाही आहे: प्राणी-नवरा आणि त्याला माणूस करणारी बायको. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन लेखक अपुलियसने लॅटिनमध्ये सांगितलेली क्युपिड आणि सायकीची कथा याच कुळातली. २०१६ मध्ये सारा ग्रासा दा सिल्वा आणि जमशीद तेहरानी या दोन संशोधकांनी भाषांच्या वंशवृक्षाचा आधार घेऊन असा अंदाज मांडला की या कथेचं मूळ सुमारे ४००० वर्षं जुनं असावं.

आपल्याकडची तिची नातेवाईक तर घरातच आहे. पूर्णभद्र नावाच्या जैन मुनीने ११९९ साली पंचतंत्राची जी संहिता तयार केली, तिच्यात एका ब्राह्मणाच्या बायकोला साप होतो. ती त्याला पेटीत ठेवून मायेने वाढवते आणि पुढे हट्टाने त्याचं लग्नही लावून द्यायला लावते. नवरा साप आहे हे कळल्यावर लोक मुलीला मागे फिरायला सांगतात. ती फिरत नाही. कन्या एकदाच दिली जाते, असं ती म्हणते. मग एके रात्री तो साप कात टाकून पुरुष होतो आणि सकाळी वडील ती कात जाळून टाकतात. गोष्टीचा सांगाडा बेलच्या गोष्टीशी किती जुळतो ते पाहा. पण इथे मुलीचा मोठेपणा आहे दिलेला शब्द पाळण्यात, आणि तो शब्द तिच्या वडिलांनी दिलेला. बेलच्या गोष्टीत शब्द तिचा स्वतःचा आहे, आणि तो तिने देईपर्यंत काहीच बदलत नाही. गोष्टीचा सांगाडा हजार वर्षं टिकतो. त्याच्यात जीव कशाचा घालायचा, हे मात्र प्रत्येक काळ आपापलं ठरवतो.

आता हक्काचा मुद्दा, कारण याबद्दल पुष्कळांचा गोंधळ असतो. ही गोष्ट डिस्नेची नाही. ती कोणाचीच नाही, म्हणजेच सगळ्यांची आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ठरावीक वर्षांनी कॉपीराइट संपतो. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ च्या जानेवारीपासून मुक्त झालं. व्हिलनव्ह आणि बोमाँ या दोघीही अठराव्या शतकातल्या, त्यामुळे त्यांच्या कथेवर उद्या तुम्ही कोल्हापुरात किंवा पणजीत सिनेमा काढलात तरी कोणाची परवानगी लागणार नाही. पण जुन्या गोष्टीवर कोणी जे नवं रचतं, ते त्याचं असतं. गाणारी मेणबत्तीची दिवटी लूमिएर, घड्याळ झालेला कारभारी कॉग्सवर्थ, छाती फुगवणारा शिकारी गॅस्टन, एकेक पाकळी गळत वेळ संपत चाललेला तो काचेखालचा गुलाब, यातलं काहीही बोमाँच्या कथेत नाही. हे सगळं डिस्नेच्या १९९१ च्या ॲनिमेशनपटातलं आहे, आणि अमेरिकेच्या कायद्यात कंपनीच्या अशा कामाला ९५ वर्षं संरक्षण मिळतं, म्हणजे २०८६ अखेरपर्यंत. विहीर सार्वजनिक आहे, घागर ज्याची त्याची. म्हणूनच २०१४ मध्ये क्रिस्तोफ गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाने व्हँसाँ कासेल आणि लेआ सेदू यांना घेऊन याच कथेवर सिनेमा केला तेव्हा तो व्हिलनव्हच्या कथेकडे वळू शकला. आणि २०१७ मध्ये डिस्नेने केलेला लाइव्ह-ॲक्शन हा परीकथेपेक्षा स्वतःच्याच १९९१ च्या सिनेमाचा पुनर्जन्म आहे. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचं बरंच सोपं होतं.

या दोघांच्या खूप आधी, १९४६ मध्ये, कवी आणि दिग्दर्शक झाँ कॉक्तोने याच कथेवर फ्रान्समध्ये कृष्णधवल सिनेमा केला. माझ्या मते परीकथेवरच्या लाइव्ह-ॲक्शनचा धडा इथेच गिरवावा. चित्रीकरण सुरू झालं १९४५ च्या ऑगस्टमध्ये. जर्मनांचा ताबा सुटून फ्रान्स नुकता श्वास घेत होता. वीज मध्येच जायची. फिल्मची रिळं पुरेशी नव्हती आणि मिळायची ती एकसारखी नसत. अंगणात वाळत घातलेल्या चादरींचा एक प्रसंग आहे, त्यासाठी ठिगळं नसलेल्या चादरी मिळवतानाही नाकी नऊ आले. स्वतः कॉक्तो त्वचेच्या आजाराने इतका बेजार झाला की मध्ये त्याला रुग्णालयात राहावं लागलं. हे सगळं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

बीस्ट होता झाँ मारे. जाळीदार कापडावर केस बसवून त्याच्यासाठी मुखवटा तयार केला गेला, आणि तो तुकड्यातुकड्याने चेहऱ्यावर डिंकाने चिकटवला जाई. चेहरा आणि दोन्ही हात मिळून रोज सुमारे पाच तास लागत. दात बसवलेले असल्याने धड जेवताही येत नसे. मारेला आधी सांबरासारखं शिंगांचं डोकं हवं होतं, पण रचनाकार क्रिस्तियाँ बेरार याचं म्हणणं पडलं की गवत खाणाऱ्या प्राण्याची कोणाला भीती वाटणार? भीती वाटायची तर मांसभक्षकच हवा. शेवटी ठरला तो मांजरकुळातला, आयाळ असलेला चेहरा, आणि त्याच्यात उघडे राहिले मारेचे स्वतःचे डोळे. सगळं काम त्या डोळ्यांनी केलं. आपल्या दशावतारातला संकासुर आठवा. काळं कापड, लोंबणारी लाल जीभ, आणि तरीही त्याच्या मानेच्या एका हेलकाव्यावर पोरं आईच्या पदरात शिरतात. मुखवटा जिवंत होतो तो आतल्या माणसामुळे.

वाड्यातली जादू तर त्याहून साधी. भिंतीतून बाहेर आलेले माणसांचे हात मेणबत्त्या धरून उभे आहेत, आणि बेलचे वडील पुढे जातील तशा त्या आपोआप पेटत जातात. भिंतीमागे खरी माणसं हात बाहेर काढून उभी होती. मेणबत्त्या आधी पेटवलेल्या होत्या, चित्रण करताना त्या एकेक विझवत गेले, नट उलटा चालला आणि मग फिल्म उलटी फिरवली. बेल वाड्याच्या दालनातून जमिनीला पाय न लावता तरंगत येते, कारण तिला चाकांच्या फळीवर उभं करून ओढलेलं होतं. शेकोटीच्या कोरीव कामातले चेहरे डोळे फिरवून बघतात, कारण तेही खरे चेहरे आहेत, रंग फासलेले.

कॉक्तोने आणखी एक गोष्ट हट्टाने केली. परीकथा म्हटलं की धूसर, मऊ, स्वप्नाळू चित्र दाखवायची पद्धत होती. त्याने छायालेखक आँरी अलेकाँला सांगितलं की मला चित्र स्वच्छ आणि टोकदार हवं, एखाद्या माहितीपटासारखं. जादू अशा रीतीने दाखवायची, जणू ती तिथे होती आणि कॅमेऱ्याने फक्त टिपली. ‘लाइव्ह-ॲक्शन परीकथा’ या शब्दांचा मला समजलेला अर्थ हाच आहे.

आणि त्या सिनेमात प्रश्न शाबूत आहे. रोज संध्याकाळी सातला बीस्ट येतो आणि विचारतो.

१९९१ च्या ॲनिमेशनपटाने तो काढला आणि शापच बदलला. आता राजपुत्र गर्विष्ठ आहे, दारी आलेल्या म्हातारीला त्याने आसरा नाकारला, म्हणून त्याला शिक्षा. सुटका कशी? शेवटची पाकळी गळण्याआधी त्याने कोणावर तरी प्रेम करायला शिकलं पाहिजे आणि तिचंही प्रेम मिळवलं पाहिजे. म्हणजे गोष्ट बीस्टची झाली. व्हिलनव्ह-बोमाँच्या कथेत सगळं वळण बेलच्या मनात होतं, इथे सुधारायचं आहे ते त्याने. शिवाय बेल इथे कैदी आहे, तिला जेवायला बोलावणंही हुकमाने होतं. हा बदल वाईट आहे असं मी म्हणणार नाही. हॉवर्ड ॲशमनची गीतं आणि ॲलन मेंकेनचं संगीत यांनी त्या सिनेमाला असं काही दिलं की ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात जाणारा तो पहिला ॲनिमेशनपट ठरला. ॲशमन प्रदर्शनाच्या आधीच, १९९१ च्या मार्चमध्ये, एड्सने गेला. पण रोजच्या प्रश्नाची आणि रोज तो नकार सोसण्याची जी धार होती, ती गेली.

आता २०१७. दिग्दर्शक बिल काँडन, बेल एमा वॉटसन, बीस्ट डॅन स्टीव्हन्स. यावेळी अडचण दुहेरी होती. लोकांना त्यांच्या लहानपणीचा चित्रातला बीस्ट हवा होता, आणि तो खऱ्या मुलीशेजारी खराही वाटायला हवा होता. चित्रातला बीस्ट ग्लेन कीन या ॲनिमेटरने सिंहाची आयाळ, गव्याचं डोकं, रानडुकराचे सुळे, अस्वलाचं धड आणि लांडग्याचे पाय असं जोडून घडवला होता. चित्रात ते सहज खपतं, कारण चित्रातलं सगळंच रेषांचं असतं. बेलही रेषांची, बीस्टही रेषांचा. खरी मुलगी शेजारी आली की डोळा लगेच तुलना करू लागतो.

याला एक नाव आहे: ‘अनकॅनी व्हॅली’. मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकाने १९७० साली यंत्रमानवांबद्दल लिहिताना असं मांडलं की एखादी वस्तू माणसासारखी दिसत जाते तशी ती आपल्याला अधिकाधिक आवडत जाते, पण अगदी माणसाजवळ पोचून किंचित कमी पडली की एकदम अंगावर काटा येतो. आवडीच्या चढत्या रेषेत तिथे एक दरी पडते. म्हणूनच लाकडी बाहुली गोड वाटते आणि मेणाचा पुतळा रात्री खोलीत नकोसा वाटतो. चित्रातल्या चहाच्या किटलीला डोळे-तोंड काढलं की ती गोजिरवाणी होते. खऱ्यासारख्या चिनी मातीच्या किटलीवर तेच तोंड हलू लागलं की पाहणारा अवघडतो. २०१७ च्या सिनेमात किटली आणि घड्याळ बोलतात तेव्हा मला हे जाणवत राहतं. लूमिएरला त्यांनी धातूच्या छोट्या माणसाचं शरीर दिलं, तो त्यातल्या त्यात बरा जमला आहे.

बीस्टसाठी त्यांनी काम दोन भागांत तोडलं. आधी शरीर. स्टीव्हन्स राखाडी रंगाच्या, आत गाद्या भरलेल्या जाड पोशाखात, पायाला उंच खुंट बांधून प्रत्येक प्रसंगात एमा वॉटसनसमोर उभा राहिला. त्यामुळे तिला नजर कुठे ठेवायची ते कळलं, हात धरायला खरा हात मिळाला. पोशाखावरच्या खुणांवरून संगणकाला सांध्यांची हालचाल मिळाली. मग चेहरा, तो वेगळा, वेगळ्या दिवशी. चेहऱ्यावर अंधारात चमकणारी पूड मिसळलेला रंग लावायचा, अनेक कॅमेऱ्यांच्या मधोमध बसायचं, आणि आठवड्यापूर्वी केलेला प्रसंग आता फक्त चेहऱ्याने पुन्हा करायचा. दिवे इतक्या वेगाने उघडमीट करतात की डोळ्याला ते कळत नाही. दिवा बंद असलेल्या क्षणांत त्या पुडीचे हजारो बारीक ठिपके कॅमेऱ्याला दिसतात. गालाचा कुठला भाग कुठे सरकला, भुवई किती आकसली, त्याचा एक हलता नकाशा तयार होतो. तो नकाशा मग बीस्टच्या रुंद, केसाळ चेहऱ्यावर बेतायचा असतो. अवघड काम इथेच आहे. माणसाच्या ओठाचा कोपरा थोडा वर गेला की ते हसू असतं, आणि तीच हालचाल सुळे असलेल्या तोंडावर घातली की गुरगुरणं होतं. तिथे संगणकावर बसलेल्या माणसालाच ठरवावं लागतं की स्टीव्हन्सला काय म्हणायचं होतं. त्यावर केस: प्रत्येक झुपका हलला पाहिजे, भिजला पाहिजे, मेणबत्तीच्या उजेडात चमकला पाहिजे.

१९४६ मध्ये रोज पाच तास डिंक लावत बसलेला मारे आणि २०१७ मध्ये चमकती पूड फासून बसलेला स्टीव्हन्स यांच्यात मला फार अंतर वाटत नाही. शेवटी पडद्यावर टिकतात ते डोळेच, आणि स्टीव्हन्सचे निळे डोळे त्यांनीही राखले. एक फरक मात्र आहे. मारेचा मुखवटा आरशात दिसायचा, त्यामुळे तो त्याच्याशी जुळवून घेत अभिनय करू शकायचा. स्टीव्हन्सला आपला चेहरा कसा होणार हे त्या वेळी दिसत नव्हतं.

आणि हक्काचा मुद्दा इथे पुन्हा येतो. गोष्ट फुकट, पण चेहरा टिपण्याच्या या तंत्राच्या मालकीवरून २०१७ मध्येच अमेरिकेत डिस्नेवर खटला दाखल झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला.

या सिनेमाने जगभर सव्वाशे कोटी डॉलरपेक्षा जास्त मिळवले, त्यामुळे असे सिनेमे का निघतात याचं व्यवहारी उत्तर वेगळं द्यायला नको. पण नुसती नक्कल म्हणून तो बाजूला टाकायलाही माझं मन होत नाही. त्यात बेलच्या गावाचं नाव व्हिलनव्ह ठेवलं आहे. १७४० च्या त्या लेखिकेला पावणेतीनशे वर्षांनी मिळालेली ही ओळख बहुतेकांच्या कानांवरून निसटून जाते. बेल इथे नुसती वाचणारी नाही, ती जनावर जुंपून कपडे धुण्याचं यंत्र तयार करते. आणि एमा वॉटसनने कमर आवळणारी कॉर्सेट घालायला नकार दिला, म्हणून तो प्रसिद्ध पिवळा झगा तिला हलता-पळता यावं असा हलका शिवला गेला.

ज्या प्रसंगात तो झगा आहे तिथे मला तो हरवलेला प्रश्न पुन्हा सापडला. मोठ्या दालनात दोघांचं नृत्य होतं. प्रत्यक्षात ते वॉटसन आणि खुंटांवर उभा असलेला, राखाडी पोशाखातला स्टीव्हन्स यांनी कित्येक दिवस सराव करून केलेलं आहे. नंतर बाहेर गच्चीवर बीस्ट चाचरत तिला विचारतो की इथे तू सुखी होऊ शकशील असं तुला वाटतं का. हा सातच्या ठोक्याला येऊन विचारणारा जुना बीस्टच आहे, फक्त शब्द बदललेत. बेल त्याला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. जो मोकळा नाही तो सुखी होऊ शकतो का, असं ती त्यालाच विचारते. आणि थोड्या वेळाने, शेवटची पाकळी गळायची बाकी असताना, तो तिला सांगतो की तू आता कैदी नाहीस, जा.